फ्रीबीएसडीवरचे बलाढ्य बुद्धिबळ

फ्रीबीएसडी ही बर्कली विद्यापीठातील युनिक्सच्या परंपरेतून १९९३ साली पुढे आलेली संगणकप्रणाली सर्व्हरच्या जगात मानाची असली, तरी घरगुती संगणकावर क्वचितच दिसते. फ्रिट्झसारखे नावाजलेले बुद्धिबळ सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनते, म्हणून इतर प्रणाली वापरणाऱ्यांना दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर भागवावे लागत असेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तसे नाही.

पट दाखवणारा प्रोग्रॅम आणि चाल शोधणारे इंजिन ही बहुधा दोन स्वतंत्र कामे असतात. स्टेफान मायर-काहलेन यांनी २००० साली पुढे आणलेल्या यूसीआय संकेतानुसार पटाचा प्रोग्रॅम डावाची स्थिती आणि विचाराला दिलेला वेळ साध्या मजकुराच्या ओळींत कळवतो, आणि इंजिनही तशाच एका ओळीत आपली चाल सांगते. इंजिनाला चित्रांशी किंवा माऊसशी कर्तव्य नसल्यामुळे, त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, खुला असेल तर ते जवळजवळ कोणत्याही प्रणालीवर बांधता येते.

स्टॉकफिश हे असेच इंजिन. टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या इंजिनावरून मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये ते सुरू केले. आज साध्या लॅपटॉपवरही ते जगज्जेत्याला सहज हरवेल. जपानी शोगी खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेले चेताजाल (मेंदूतील पेशींच्या धर्तीवर थराथरांनी रचलेले, उदाहरणांवरून शिकणारे गणित) २०२० पासून त्यात स्थितीचे मूल्यमापन करते. एका चालीने पटावरची एक-दोनच मोहरी बदलतात, म्हणून हे जाल पहिल्या थरातील सगळी गणिते पुन्हा न करता बदललेल्या मोहऱ्यांपुरतीच वजाबाकी-बेरीज करते, आणि त्यामुळे साध्या प्रोसेसरवरही वेगाने चालते. चेताजालावरच चालणारे दुसरे बलाढ्य इंजिन म्हणजे लीला चेस झीरो; पण त्याला खरा जोर येतो तो ग्राफिक्स कार्डावर, आणि एनव्हिडियाची कुडा ही गणनप्रणाली फ्रीबीएसडीसाठी मिळत नाही. माझ्या मते अशा प्रणालीवर स्टॉकफिशला पर्याय शोधण्यात फारसा अर्थ नाही.

तयार पॅकेज एका आज्ञेत बसवता येते, परंतु अशी पॅकेजे सहसा जुन्या प्रोसेसरवरही चालतील अशा बेताने बांधलेली असतात. नव्या प्रोसेसरमधील एव्हीएक्स-२ सारख्या, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा पुरा लाभ हवा असेल, तर स्रोतापासून स्वतः बांधणी करावी; मात्र त्यासाठी फ्रीबीएसडीच्या मूळच्या ‘मेक’ या बांधणीच्या आज्ञेऐवजी ‘जीमेक’ ही आज्ञा वापरावी लागते. पटासाठी एक्सबोर्ड चालते. त्याचा स्वतःचा संकेत निराळा असल्यामुळे मध्ये पॉलिग्लॉट हा दुभाषी प्रोग्रॅम बसवावा लागतो.