पाळकांची दीक्षा आणि पाळकांची पदस्थापना

चर्चमध्ये नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, येणार म्हटले की निमंत्रणपत्रिकेवर पुष्कळदा ‘दीक्षाविधी’ असे छापले जाते. खरे तर त्यांची दीक्षा बहुधा काही वर्षांपूर्वीच झालेली असते. त्या रविवारी मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, होणार असते ती पदस्थापना, म्हणजे इंडक्शन.

दीक्षेने माणूस पाळक होतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (अनेक प्रोटेस्टंट पंथांचे एकत्रित चर्च) आधी डीकन, म्हणजे सुरुवातीचे सेवकपद, आणि मग प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळकपद, अशा दोन पायऱ्या असतात. दोन्ही वेळा बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि प्रेस्बिटरच्या दीक्षेत इतर प्रेस्बिटरही हात ठेवतात. प्रत्येक दीक्षा एकदाच होते, बदली झाली म्हणून ती पुन्हा होत नाही. पदस्थापना मात्र नव्या मंडळीची जबाबदारी घेताना दर वेळी होते.

सोलापुरात ही गल्लत होण्यामागे इतिहासही आहे. इथल्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून, म्हणजे काँग्रेगेशनल परंपरेतून उभ्या राहिल्या. त्या परंपरेत मंडळी स्वतः पाळकाला पाचारण करी, आणि पहिलीच मंडळी असेल तर दीक्षा व पदस्थापना बहुधा एकाच उपासनेत उरकत. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, बिशपांची व्यवस्था आली आणि हे दोन विधी वेगळे पडले. बोलण्यातला शब्द मात्र जुनाच राहिला.

पदस्थापनेचा क्रम साधारण असा ठेवावा. बिशपांचे किंवा त्यांच्या प्रतिनिधीचे नेमणूकपत्र वाचायचे. मग पाळकांना प्रश्न, त्यानंतर मंडळीला प्रश्न. मंडळीचे उत्तर हा या विधीचा गाभा आहे आणि नेमका तोच भाग फसतो: छापील कागद हातात नसतो, पुढच्या दोन बाकांवरून पुटपुट ऐकू येते, बाकी सगळे गप्प. उत्तर मोठ्या अक्षरांत छापून आदल्या रविवारी एकदा सगळ्यांकडून म्हणून घ्यावे. उपासनेला कन्नड किंवा तेलुगू बोलणारी कुटुंबे येत असतील तर त्यांच्या भाषेतही द्यावे. पुढे पवित्र शास्त्र, बाप्तिस्म्यासाठी पाणी, प्रभुभोजनाची भाकर व प्याला आणि चर्चच्या किल्ल्या एकेक करून सोपवतात. सोपवणारी माणसे आधीच ठरवून ठेवावीत. शेवटी प्रार्थना. इथे कोणी हात ठेवलेच तर ती आशीर्वादाची प्रार्थना आहे, दुसरी दीक्षा नव्हे, हे विधी चालवणाऱ्याने एका वाक्यात सांगितलेले बरे.

ओळख करून देणे हा तिसराच भाग. मंडळीच्या सेक्रेटरींनी तीन मिनिटांत नव्या पाळकांचे गाव, धर्मशिक्षण कुठे झाले, आधीच्या मंडळ्या आणि कुटुंबीयांची नावे सांगावीत. नावांचे उच्चार आदल्या दिवशी पाळकीणबाईंना विचारून घ्यावेत. शाल, सोलापुरी चादर, सत्काराची भाषणे हे सगळे आशीर्वादानंतर. प्रश्नोत्तरांच्या आधी सत्कार सुरू झाला की विधी मागे पडतो, आणि मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात अकरानंतर लोक थांबतही नाहीत.

हा फरक कायद्यालाही लागू आहे. 1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपांकडून दीक्षा झालेल्या व्यक्तीला आपल्या चर्चच्या रीतीप्रमाणे विवाह लावता येतो. तो अधिकार दीक्षेतून येतो, पदस्थापनेतून नव्हे. म्हणून दीक्षा न झालेले सेवक मंडळीत नेमले गेले आणि त्यांचे स्वागत थाटात झाले, तरी तेवढ्याने त्यांना विवाह लावता येत नाही. त्यासाठी दीक्षित पाळकांनाच बोलवावे लागते किंवा सेवकांकडे स्वतंत्र सरकारी परवाना असावा लागतो.

पदस्थापनेच्या आधी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ही तिन्ही रजिस्टरे उघडून प्रत्येकातल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि खाली जाणारे पाळक, येणारे पाळक व सेक्रेटरी अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात. एखादी नोंद सुटली असेल तर ती जाणाऱ्या पाळकांकडून तिथल्या तिथे पुरी करून घ्यावी. ते गाव सोडून गेले की दाखला काढायला आलेल्या माणसाला हेलपाटे पडतात.