दोन अक्षरं, आवाज एकच: वाचनपत्त्यांच्या खोक्यासोबतचं माहितीपत्रक

पालकहो,

"एस येतो, एच येतो, पण 'शिप' वाचायला दिलं की 'स-हिप' म्हणतो." दर जूनमध्ये आमच्या रत्नागिरीच्या दुकानात ही तक्रार कोणी ना कोणी घेऊन येतंच. यात मुलाचं काही चुकत नाही. एस म्हणजे स, एच म्हणजे ह, हे आपणच त्याला शिकवलं आणि त्याने ते इमानाने लावलं. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, म्हणून काही आवाजांसाठी दोन अक्षरांना एका दावणीला बांधावं लागतं. एस-एच मिळून श, सी-एच मिळून च, पी-एच मिळून फ. अशा जोडीला शाळेत 'डायग्राफ' म्हणतात.

(पत्त्यांवर अक्षरं इंग्रजीच आहेत. या कागदावर ती मुद्दाम देवनागरीत लिहिली, कारण संध्याकाळी वाचायला बसवणारी बरेचदा आजी असते.)

मुलाला समजावताना याला जोडाक्षर म्हणू नका. जोडाक्षरात दोन्ही आवाज शिल्लक राहतात. 'स्टॉप'मध्ये स ऐकू येतो, ट-ही येतो. 'शिप'मध्ये मात्र ना स, ना ह. हा फरक कानाला कळावा म्हणून चिंचोके घ्या. 'शिप' सावकाश म्हणा आणि दर आवाजाला एक चिंचोका ठेवा: श, इ, प. चिंचोके तीन, अक्षरं चार. मग पत्ता दाखवा. एस-एचखाली एकच निळी रेघ आहे, त्या रेघेवर एकच चिंचोका बसतो. नुसतं पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी लवकर डोक्यात शिरतं. चिंचोक्यांऐवजी शिंपले चालतील, काजूबिया नकोत. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

सुरुवात एस-एचनेच करा, कारण तो आपला सरळ श आहे: शिप, शेल, फिश. तो पक्का झाल्यावरच सी-एच. दोन्ही एकाच दिवशी काढलेत तर गोंधळ ठरलेला. सी-एचचा च कोणता, हेही सांगावं लागतं. गुरांच्या 'चारा'मधला नव्हे, 'चार' आकड्यातला. चिप, चिन, बीच. सी-के शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. तो शेवटी सापडतो, रॉक, डक, सॉक असा. पी-एचचे शब्द छोट्यांच्या पुस्तकांत कमीच, पण तारकर्लीला बोटीतून डॉल्फिन पाहून आलेल्या मुलाला तो पत्ता पहिल्या दिवशी द्यायला हरकत नाही.

टी-एचला वेळ द्या. 'थिन'मध्ये एक आवाज, 'दिस'मध्ये दुसरा, आणि दोन्ही आपल्या थ-द सारखे नेमके नाहीत. आपला थ म्हणताना जीभ दातांना टेकते आणि हवा अडते. इंग्रजीत जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा जाऊ द्यायची. आरशासमोर एकदा गंमत म्हणून करून पाहा. नाही जमलं तर आपला थ चालवून घ्या. पाच वर्षांच्या पोराने शब्द ओळखणं महत्त्वाचं, उच्चाराचं पुढे बघता येईल.

पत्ते संपले की बाहेर पडा. चिपळूण स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीतली पहिली दोन अक्षरं सी-एच, संगमेश्वरच्या पाटीवर मधेच एस-एच. मुलाचं नाव शुभम असेल तर पहिला डायग्राफ त्याच्या वहीच्या लेबलवरच आहे. इथे एक गोष्ट मात्र सांभाळा. खेडमधला के-एच म्हणजे ख, दाभोळमधला बी-एच म्हणजे भ, ही आपली नावं लिहिण्याची सोय आहे. मुलाच्या इंग्रजी पुस्तकात या जोड्या शोधत बसू नका. टी-एच तर आपल्याच नावांत दोन रूपं घेतो: ठाणे लिहा की थिबा पॅलेस, अक्षरं तीच.

आणि हो, पोरं विचारणारच: शाळेच्या बसवर 'स्कूल' लिहिलंय, त्यात सी-एच आहे, मग च का नाही? शब्द मुळात ग्रीकमधून आला म्हणून तिथे क. 'अँकर'चंही तसंच. हे दोन्ही खोक्यात तांबड्या पत्त्यांवर आहेत. बाकीचे येईपर्यंत तांबडे पत्ते बाजूला ठेवा.

पावसाळ्यात पत्ते भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नका, ओल धरतात. झाकणाच्या डब्यात राहू द्या. एखादा हरवला तर पूर्ण खोकं घ्यायची गरज नाही. झाकणाच्या आतल्या यादीत त्या शब्दापुढे आकडा आहे, तो दुकानात सांगा, सुटा पत्ता देतो.