तरव्यामागचा डोंगर

कोकणात सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की बोलणे जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या खताच्या, पिंपापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. इथल्या भाताला पिढ्यान् पिढ्या खत पुरवत आला तो मात्र डोंगर. शेत आणि रान यांचा हा व्यवहार कसा तुटत गेला, ते आधी पाहायला हवे.

राब घ्या, म्हणजे भाताची रोपे वाढवायची जागा पेरणीआधी भाजण्याची पद्धत. उन्हाळ्याच्या तोंडावर ऐन-किंजळीच्या झाडांची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायची, भारे डोक्यावरून दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, आणायचे. शेण, कवळ, पातेरा (वाळका पाला), गवत असे थर आणि वर हाताने चुरलेली बारीक माती. पेटवायचे वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे भडका न उडता आग धुमसत राहते. तणाचे बी भाजून निघते, राख जागच्या जागी राहते आणि पहिल्या पावसात तिथेच भात पेरले की तरवा, म्हणजे लावणीची रोपे, जोमाने वर येतो. दरवर्षी कवळ हवी, म्हणून झाड मुळातून तोडणे परवडत नसे. फांद्या छाटायच्या, बुंधा राखायचा.

इंग्रजांच्या जंगल खात्याला यात नासाडी दिसली. निर्बंध आले, ठाणे-कुलाब्यात असंतोष माजला आणि 1885 मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबाची कवळ हा त्यातला एक मोठा वाद. खात्याचे सगळेच चुकीचे नव्हते, कवळतोडीने टेकड्या बोडक्या झाल्याच. पण रान वाचवायचे ते शेतकऱ्यापासून, ही समजूत तेव्हा रुजली ती अजून गेलेली नाही, असे मला वाटते. त्याच मुलखात गावकऱ्यांनी राखणदारावरच्या, म्हणजे रानाचे रक्षण करणाऱ्या देवावरच्या, श्रद्धेने आणि त्याच्या धाकाने देवराया सांभाळल्या होत्या. तिथल्या जुन्या झाडांच्या ढोलीत ककणेर (धनेश पक्षी) आजही घरटे करतो.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. खोतीत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या अमलात, राबायचे कुळाने आणि अर्धेल, म्हणजे निम्मे पीक, जायची खोताकडे. चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला 1949 उजाडले.

ही चरी खारेपाटातली. अलिबाग-पेणच्या या पट्ट्यात समुद्र मातीच्या बांधाने अडवून भात पिकवतात. ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला दार बंद. खारे पाणी सोसणारे भात, घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा, पहिल्या पावसात शेतात चढणीचे मासे, बांधाला मुठे (खेकडे), बांधाबाहेर तिवरे (खारफुटी). एका शेतात एवढे जीव नांदत होते आणि त्यातले बरेचसे ताटातही येत होते. बांधाला भगदाड पडले की गाव धावून जाई. 1948 मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, बांधांची जबाबदारी सरकारकडे सरकत गेली आणि भगदाड पडल्यावर वाट पाहणे आले.

खरा पालट आंब्याने केला. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळू लागले आणि वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनी हापूस-काजूने भरल्या. घरात पैसा आला, ही मोठीच गोष्ट. पण तिथली नाचणी, वरी, हरीक ही भरड धान्ये मागे पडली. गुरे घटली, त्यांच्याबरोबर शेणही. मोहोरावर फवारण्या सुरू झाल्या, त्यात परागीभवन करणाऱ्या माश्याही मरतात. कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली. याच सड्यांवर पावसात कोकण दीपकाडीची लांब दांड्यांवरची पांढरी फुले डोलतात. उक्षी, बारसू, कशेळीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. 2022 मध्ये कोकणातल्या अशा काही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या.

2015 पासून परंपरागत कृषी विकास योजनेत शेतकऱ्यांचे गट करून सेंद्रिय प्रमाणपत्र घेता येते. आमच्याकडे सामाईक सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. जमिनीचे कुठलेही काम काढा, आधी संमती गोळा करत फिरायचे. तेवढे जमले तरी प्रमाणपत्र येते ते पिकाखालच्या गुंठ्यांना. गुरे ज्या सड्यावर चरतात आणि कवळ ज्या डोंगरावरून येते, ते त्या गुंठ्यांत मोजलेले नसतात.