आदर्श फुटबॉलपटूचे निकष कसे घडत गेले

फुटबॉलचा प्रशिक्षक खेळाडूत काय शोधतो, असे विचारले तर आज बहुतेक ठिकाणी मिळणारे उत्तर सारखेच असते: चेंडूवर ताबा, वेग, दमश्वास, खेळाची समज, शिस्त आणि संघासाठी झिजण्याची तयारी. हे गुण इतके स्वाभाविक वाटतात की प्रशिक्षकांनी ते पहिल्यापासून शोधले असतील, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात यातला प्रत्येक गुण कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी कारणाने महत्त्वाला चढला. आणि ते कारण प्रशिक्षकाच्या आवडीनिवडीपेक्षा खेळाच्या नियमांत किंवा एखाद्या जिव्हारी लागलेल्या पराभवात अधिक वेळा सापडते.

लंडनमध्ये १८६३ साली फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा आजच्या अर्थाने प्रशिक्षक नव्हतेच. त्या वेळच्या नियमानुसार चेंडूच्या पुढे असलेला खेळाडू ऑफसाइड ठरे, म्हणजे त्याला खेळात भाग घेता येत नसे, त्यामुळे पुढच्या दिशेने पास देण्याला जवळजवळ वावच नव्हता. चेंडू पायाशी खेळवत समोरच्याला खांद्याने रेटत पुढे घुसणारा धिप्पाड गडी हाच उत्तम खेळाडू मानला जाई. १८६६ मध्ये नियम सैल झाला. पुढे उभ्या असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असतील, तर त्याच्याकडे पास देणे वैध ठरले. या सवलतीचा खरा उपयोग स्कॉटलंडमधल्या खेळाडूंनी केला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक येथे पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडचा सगळा संघ क्वीन्स पार्क या एकाच क्लबचा होता आणि अंगापिंडाने तो इंग्लंडच्या संघापुढे हलका होता. तरीही सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, कारण स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांकडे सरकवत खेळत होते. सहकारी कुठे आहे याचे भान हा गुण तेव्हापासून हिशेबात धरला जाऊ लागला. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाल्यावर तिथल्या क्लबांनी स्कॉटिश खेळाडूंना पैसे देऊन आपल्याकडे आणले. पैसे मोजून खेळाडू घ्यायचा म्हटल्यावर नेमके काय विकत घेतो आहोत, हा प्रश्नही आपोआप उभा राहिला.

अनेक क्लबांत या प्रश्नाचे उत्तर बराच काळ संचालकांची समितीच देत असे. ते प्रशिक्षकाच्या हाती येण्याच्या प्रवासात लंडनच्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांचे नाव ठळक आहे. १९२५ मध्ये ऑफसाइड न ठरण्यासाठी पुढे असावे लागणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि पुढच्याच हंगामात गोलांचा पाऊस पडू लागला. तोवर सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीच्या मधोमध खेळणारा गडी, हा संघाचा सूत्रधार असे. चॅपमन यांनी त्याला मागे खेचून बचावफळीच्या मधोमध उभे केले. हर्बी रॉबर्ट्सने ही जागा सांभाळली. त्याच्या पायांत कसब किती, हा प्रश्न त्या जागेसाठी गौण होता. हवेतला चेंडू डोक्याने परतवणे आणि नेमून दिलेली जागा न सोडणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. दुसरीकडे १९२९ मध्ये आर्सेनलमध्ये आलेल्या अ‍ॅलेक्स जेम्सने स्वतः गोल करण्याऐवजी मागे राहून चेंडू पुरवायचा होता. उत्तम खेळाडू आणि विशिष्ट जागेसाठी योग्य खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार इथे पक्का झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, कारण आजची निवड याच पायावर उभी आहे.

मध्य युरोपात मात्र वेगळे वारे वाहत होते. इंग्लंडचे प्रशिक्षक जिमी होगन यांनी ऑस्ट्रिया आणि हंगेरीत चेंडूच्या ताब्यावर भर देणारे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षक ह्यूगो मायस्ल यांच्या ऑस्ट्रियन संघाचा मुख्य आधार होता मथियास झिंडेलार हा इतका सडपातळ सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या मधोमध खेळणारा) की लोक त्याला कागदी माणूस म्हणत. ताकद आणि कसब यांपैकी आधी काय पाहावे, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले आणि या वादात कसबाचे पारडे जड झाले. प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांच्या हंगेरी संघात नांदोर हिदेगकुटी सेंटर फॉरवर्डचा क्रमांक लावून मैदानात उतरला, पण खेळला तो मागे सरकून, मधल्या फळीच्या लगत. त्याच्या मागे जावे तर बचावात भगदाड पडते आणि न जावे तर त्याला मोकळीक मिळते, अशा पेचात इंग्लंडचा सेंटर हाफ सापडला. हिदेगकुटीने तीन गोल केले. नेमून दिलेले काम चोख करणारा पण परिस्थिती बदलल्यावर स्वतः निर्णय न घेणारा बचावपटू किती उघडा पडतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. खेळाची समज हा शब्दप्रयोग आपण आज सहज करतो. त्याची निकड किती आहे, हे असे मैदानावर सिद्ध व्हावे लागले.

खेळाडूचे मन मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९५८ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्राझीलने केला, आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. जुआंव कार्व्हालियास हे मानसशास्त्रज्ञ संघाबरोबर होते. खेळाडूंकडून चित्रे काढून घेण्यासारख्या चाचण्या त्यांनी घेतल्या. सतरा वर्षांचा पेले अजून बालिश आहे, त्याच्यात लढाऊ वृत्ती नाही आणि गारिन्शाकडे अशा मोठ्या स्पर्धेला लागणारी जबाबदारीची जाणीव नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रशिक्षक विसेन्ते फिओला यांनी तो बाजूला ठेवला. सोव्हिएत संघाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात दोघेही उतरले. पेलेने स्पर्धेत सहा गोल केले, त्यांपैकी दोन स्वीडनविरुद्ध ५-२ असा जिंकलेल्या अंतिम सामन्यातले. या प्रसंगावरून मानसशास्त्राला मोडीत काढणे मला योग्य वाटत नाही. दडपणाखाली खेळाडू कसा वागेल, हा कार्व्हालियास यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर मात्र मैदानाबाहेर कागदावर शोधले गेले. आजही मनोधैर्याचा अंदाज घेताना प्रशिक्षक चूक झाल्यानंतरच्या पुढच्या काही क्षणांत खेळाडू काय करतो, हे पाहतात.

मोजमापाची दुसरी परंपरा कीव्हमध्ये वाढली. १९७० च्या दशकात डायनामो कीव्हचे प्रशिक्षक व्हालेरी लोबानोव्हस्की यांनी अनातोली झेलेन्त्सोव्ह या शास्त्रज्ञाच्या मदतीने खेळाडूंच्या हालचाली, त्यांची सहनशक्ती आणि त्यांच्या चुका यांची पद्धतशीर नोंद ठेवायला सुरुवात केली. संघाने चेंडू कुठे हिसकवायचा आणि कुठे थोपवून धरायचा हे आधी ठरायचे, आणि ते पेलणारे खेळाडू त्यानुसार निवडले जायचे. त्यांच्या दृष्टीने कोणत्याही जागी उपयोगी पडणारा खेळाडूच पूर्ण खेळाडू होता. क्लबने १९७५ आणि १९८६ मध्ये युरोपियन कप विनर्स कप जिंकला.

याच सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रशिक्षक रिनस मिकेल्स आणि खेळाडू योहान क्रायफ यांच्या आयाक्स क्लबने वेगळ्या वाटेने जवळपास तेच साधले. बचावपटू पुढे गेला की दुसऱ्याने न सांगता त्याची जागा घ्यायची, ही पद्धत चालण्यासाठी अकराही जणांना सगळ्या जागांची जाण असणे भाग होते. आयाक्सच्या युवा विभागात पुढे तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग हे चार निकष रूढ झाले आणि जगभरच्या अकादमींनी ते कमीअधिक प्रमाणात उचलले. यात वेग शेवटी येतो आणि उंची व वजन यांचा उल्लेखच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इटलीतल्या मिलान क्लबचे प्रशिक्षक अरिगो साक्की स्वतः कधीही व्यावसायिक खेळाडू नव्हते. त्यांनी सामूहिक प्रेसिंगवर, म्हणजे सर्वांनी मिळून प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकत चेंडू हिसकवण्यावर, भर देत १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला. चेंडू आपल्याकडे नसताना खेळाडू काय करतो, याला त्यांच्या संघाने जेवढे महत्त्व मिळवून दिले तेवढे क्वचितच कोणी दिले असेल.

१९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत केवळ ११५ गोल झाले. सामना संथ करण्यासाठी बचावपटू चेंडू पुन्हापुन्हा गोलरक्षकाकडे परत देत आणि तो हातात घेऊन वेळ काढी. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी आली. तोवर गोलरक्षकाची उंची, झेप आणि हातांची पकड पाहिली जाई. आता त्याचे पायही पाहावे लागले. हा बदल पूर्ण भिनायला दोन दशके लागली. २०१६ मध्ये मँचेस्टर सिटीत आल्यावर पेप ग्वार्डिओला यांनी जो हार्ट या प्रस्थापित गोलरक्षकाला दूर केले, कारण दबावाखाली पायाने अचूक पास देणारा गोलरक्षक त्यांना हवा होता. एका नियमातून एका जागेचा आदर्शच बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

शरीरयष्टीचा जुना मोह मात्र सहज सुटला नाही. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम तीन नावांत मेसी, इनिएस्टा आणि झावी होते. तिघेही बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीतले आणि तिघांचीही उंची १७० सेंटीमीटरच्या आसपास. तरीही उंची कमी म्हणून अनेक फ्रेंच क्लबांनी नाकारलेल्या अँटवान ग्रीझमनला स्पेनमधल्या रेआल सोसिएदादमध्ये जावे लागले होते, आणि पुढे २०१८ मध्ये तो फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघाचा प्रमुख आघाडीपटू ठरला. मुलांच्या निवडीत हा दोष अधिक खोल आहे. निवडवर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुले त्याच गटातल्या इतरांपेक्षा काही महिन्यांनी मोठी, म्हणून अंगाने भरलेली असतात आणि प्रमाणाबाहेर निवडली जातात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणूनच काही अकादमी आता वयाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून मुलांना खेळवून पाहतात. लवकर वाढलेल्या मुलाला तिथे ताकदीच्या जोरावर निभावून नेता येत नाही आणि उशिरा वाढणाऱ्याला आपले कसब दाखवायची संधी मिळते.

समज मोजण्याच्या बाबतीतही थोडी प्रगती झाली आहे. नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी इंग्लंडमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूंची चित्रफीत तपासली, तेव्हा चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून आजूबाजूला अधिक वेळा पाहणाऱ्यांचे पास अधिक यशस्वी होत असल्याचे आढळले. वर्षानुवर्षे नजरेच्या अंदाजावर सोडलेली गोष्ट अशी मोजता येऊ लागल्यामुळे आता लहान वयापासूनच हा सराव दिला जातो.

ताजा बदलही पुन्हा नियमातूनच आला. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, सामन्यात तीनऐवजी पाच खेळाडू बदलण्याची तात्पुरती मुभा मिळाली आणि २०२२ पासून ती कायम झाली. गोलरक्षक वगळता मैदानावरच्या दहापैकी निम्मे खेळाडू बदलता येत असल्याने नव्वद मिनिटे पुरून उरणारा दमश्वास प्रत्येकाकडे असण्याची सक्ती कमी झाली. उलट शेवटची पंचवीस-तीस मिनिटे पूर्ण वेगाने प्रेसिंग करू शकणाऱ्या खेळाडूची किंमत वाढली. राखीव बाकावर बसून सामन्याचा कल ओळखणे आणि उतरल्याबरोबर पहिल्याच धावेत त्याच्याशी जुळवून घेणे, हा गुण आता प्रशिक्षक संघ निवडतानाच विचारात घेतात.