वर्गखोली, मुलगे आणि मुली : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मुलगे आणि मुली वेगवेगळ्या पद्धतीने शिकतात, म्हणून त्यांच्या वर्गखोल्यांची रचनाही वेगळी असावी, हा विचार आज मेंदूविज्ञानाच्या भाषेत मांडला जातो आणि त्यामुळे नवा भासतो. त्याचे मूळ मात्र बरेच जुने आहे. तत्त्वज्ञ रूसो यांनी 1762 मध्ये मुलीच्या शिक्षणाचे प्रयोजनच पुरुषाच्या सोयीत शोधले, तर स्त्रीहक्कांचा पुरस्कार करणाऱ्या इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी 1792 मध्ये दोघांनी एकाच शाळेत, एकत्र शिकावे असा आग्रह धरला.

या मतभेदाला शास्त्राचा आधार देण्याचा ठळक प्रयत्न अमेरिकेत 1873 मध्ये झाला. हार्वर्डशी संबंधित असलेले डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी असे प्रतिपादन केले की शरीराची शक्ती मर्यादित असते आणि किशोरवयीन मुलीने मुलग्याइतका अभ्यास केला, तर ती शक्ती मेंदूकडे वळून तिच्या प्रजननसंस्थेची वाढ खुंटते. म्हणून मुलींच्या अभ्यासाचे तास कमी असावेत आणि त्यांना दर महिन्याला काही दिवस विश्रांती मिळावी. मूठभर रुग्णांच्या हकिगतींवर उभ्या असलेल्या या मताने अनेक पालकांना धास्ती घातली. पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने 1885 मध्ये 705 जणींच्या प्रकृतीची माहिती संकलित करून ही भीती निराधार असल्याचे दाखवले. ज्यांच्याविषयी बोलले जात होते, त्यांनाच अखेर कोणीतरी विचारले, म्हणून मला ही घटना फार मोलाची वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेलन थॉम्पसन वूली यांचे स्त्री-पुरुषांच्या बौद्धिक क्षमतांवरील प्रायोगिक संशोधन 1903 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फरकांपेक्षा साम्यच अधिक आढळले. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने शिक्षणातील लिंगभेदाला मनाई केली आणि त्यानंतर सरकारी शाळांतील मुलगे-मुलींचे स्वतंत्र वर्ग दुर्मीळ झाले.

2000 नंतर मात्र वारे फिरले. मुलग्यांसाठी थंड खोली, शिक्षकाचा चढा आवाज आणि हालचालीला वाव, तर मुलींसाठी उबदार खोली, मृदू स्वर आणि गोलाकार बैठक, असे सल्ले शिक्षकांच्या प्रशिक्षणातून दिले जाऊ लागले, आणि 2006 मध्ये त्या कायद्याखालील नियम शिथिल झाल्याने अशा स्वतंत्र तुकड्यांना मोकळीक मिळाली. आवाजाविषयीचा सल्ला मुलगे आणि मुली यांच्या ऐकण्यातील फरकावर आधारलेला होता. श्रवणक्षमतेत सरासरी फरक आढळतो हे खरे, पण तो इतका लहान आहे की एखादे मूल मुलगा आहे की मुलगी एवढ्यावरून त्याला किती ऐकू येते हे सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी 2005 मध्ये 46 संकलित विश्लेषणे (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेली विश्लेषणे) तपासली, तेव्हा मोजलेल्या मानसिक फरकांपैकी 78 टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. पुढे 2014 मध्ये 21 देशांतील सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांविषयीच्या 184 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील काटेकोर अभ्यासांमध्ये स्वतंत्र शिक्षणाचा लाभ नगण्य होता.

तरीही वर्गखोलीचे वातावरण गौण ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये संगणकशास्त्राच्या एका खोलीत विज्ञानकथेची भित्तिचित्रे आणि व्हिडिओ गेमच्या वस्तू ठेवल्या, तेव्हा विद्यार्थिनींनी त्या विषयात विद्यार्थ्यांपेक्षा कमी रस दाखवला. त्याऐवजी निसर्गचित्रे आणि नेहमीच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यावर हे अंतर उरले नाही. कोणालाही वेगळे बसवावे लागले नाही. बदलले ते फक्त खोलीतले सामान.