अक्षर ठेक्यावर कुठं पडतं? जुन्या ब्लूज तबकड्यांतलं रॅप शोधताना

मागे गिटार वाजतेय आणि माणूस गाण्याऐवजी बोलतोय, एवढ्यावरून ब्लूजच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताच्या) एखाद्या जुन्या तबकडीला ‘पहिलं रॅप’ म्हणणं घाईचं होईल. रॅपची खरी कसोटी म्हणजे अक्षरांची ठेक्यावरची बैठक. 4 मात्रांचं आवर्तन घ्या. प्रत्येक मात्रेचे 4 भाग केले की 16 जागा मिळतात. मिनिटाला 90 मात्रांची लय असेल तर आवर्तन 2.67 सेकंदांचं आणि एकेक जागा साधारण 0.17 सेकंदाची. रॅपर या जागा बघून अक्षरं टाकतो, यमक बहुतेकदा चौथ्या मात्रेच्या आसपास आणतो आणि सूर कुठंच धरून ठेवत नाही.

क्रिस बुशिलॉन या दक्षिण कॅरोलायनाच्या गोऱ्या गायकानं 1926 मध्ये अटलांटात कोलंबिया कंपनीसाठी ‘टॉकिंग ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. हाच साचा पुढं लोकगायक वुडी गथ्रीनं 1940 मध्ये धुळीच्या वादळांवरच्या गाण्यांत वापरला. चार ठोक्यांची ओळ, जोडीजोडीनं यमकं आणि कडव्याच्या शेवटी ठेका सोडून मारलेला शेरा. गिटार मात्र थांबत नाही. हा शेवटचा सैल तुकडा रॅपपासून दूरचा, आधीच्या यमकदार ओळी जवळच्या. पियानोवादक पाइनटॉप स्मिथनं डिसेंबर 1928 मध्ये शिकागोत मुद्रित केलेल्या बूगी-वूगीत (पियानोवरच्या वेगवान नाचाच्या ब्लूजमध्ये) वेगळीच गोष्ट सापडते: पियानो चालू असताना तो नाचणाऱ्यांना थांबा, हला अशा सूचना देतो. यमक जवळजवळ नाही, पण गर्दीला हुकूम सोडण्याचं हे काम पुढं न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांतल्या एमसीनं, म्हणजे माइकवरून बोलणाऱ्यानं केलं. माझ्या मते सगळ्यांत जवळचा नमुना जुबलेअर्स या कृष्णवर्णीय चौकडीचं 1946 चं ‘नोआ’. मागचे आवाज ठेका धरतात आणि पुढचा गायक बायबलची गोष्ट अक्षरांना अक्षरं भिडवत सांगत जातो.

हे सगळं घरी मोजता येतं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आधी फक्त ठेक्याचे ठोके लेबल ट्रॅकवर (खुणांच्या पट्टीवर) टिपा (वाजत असताना कंट्रोल आणि एम), मग अक्षरं. इथं हमखास चूक होते. कानाला अक्षराचा ठोका जाणवतो तो साधारण स्वर सुरू होतो तिथं, आधीच्या व्यंजनाच्या सुरुवातीला नव्हे. ‘स्ट्रीट’मधला ‘स्ट्र’ सहज दशांश सेकंदाहून लांब असतो. खूण ‘स’वर केली तर अख्खी एक जागा चुकते आणि नेमका बोलणारा बेताल ठरतो. म्हणून खूण ‘ई’च्या आरंभी करा. त्यासाठी स्पेक्ट्रोग्रामची (आवाजातली कंपनं वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्राची) खिडकी, म्हणजे एका वेळी तपासला जाणारा तुकडा, लहान, 512 नमुन्यांची ठेवा. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दरात ती सुमारे 12 मिलिसेकंदांची होते. सूर तपासायचा असेल तर ती 2048 किंवा जास्त करा. गायलेला स्वर आडव्या, समांतर रेघांत दिसतो, बोललेल्यात रेघा सतत वर-खाली घसरतात.

दुसरी गफलत जागांच्या संख्येची. ब्लूजमध्ये मात्रेचे बहुधा तीन भाग पडतात, म्हणून आवर्तनाला 12 जागा धरून बघा. 16 च्या चौकटीत बसवायला गेलात तर मात्रेच्या मधली अक्षरं उशिरा किंवा लवकर पडल्यासारखी वाटतील.

तबकडीही फसवते. ‘मिनिटाला 78 फेऱ्या’ हा आकडा त्या काळी सगळीकडे काटेकोर पाळला जात नसे. तबकडी 6 टक्के जास्त वेगानं वाजली की सूर सुमारे अर्ध्या स्वरानं चढतो आणि मिनिटाच्या 90 मात्रांच्या 95 होतात. वाद्याची पट्टी पियानोशी ताडून घेतल्याशिवाय लयीचा आकडा लिहू नका. गिटार मात्र मुळातच उतरवून लावलेली असू शकते, त्यामुळे तिच्यावर कमी विसंबा. मूळ तबकडी वाजवणार असाल तर सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण 0.076 मिलिमीटर हवी. एलपीची (नंतरच्या काळातल्या लांब वाजणाऱ्या तबकडीची) 0.025 ची सुई रुंद चरीच्या तळाशी खरवडत जाते आणि नुसती खरखर देते. ती खरखर सॉफ्टवेअरनं जास्त घासून काढली की ‘स’, ‘त’, ‘फ’ही पुसले जातात, आणि बोलण्याची धार त्यांच्यातच असते. 1925 च्या आधीच्या कर्ण्यातून कोरलेल्या तबकड्यांत ही उंच कंपनं मुळातच फारशी उतरत नसत. मायक्रोफोन आल्यावर व्यंजनं स्पष्ट झाली. बुशिलॉनची तबकडी आणि अटलांटाचे धर्मोपदेशक रेव्हरंड गेट्स यांची प्रवचनं दोन्ही 1926 ची, म्हणजे मायक्रोफोन आल्यानंतरची आहेत.

साम्य सापडलं म्हणजे वंशावळ सिद्ध झाली असं नाही. कृष्णवर्णीय समाजात तोंडी चालणारे दोन प्रकार रॅपच्या जास्त जवळचे: ‘टोस्ट’ ही लांबलचक यमकबद्ध कथाकवनं, आणि ‘डझन्स’, म्हणजे एकमेकांच्या घरच्यांचा यमकात उद्धार. 10 इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि शिव्यांमुळे कंपन्या हात लावत नसत. ब्लूज पियानोवादक स्पेकल्ड रेडनं 1929 मध्ये डझन्स मुद्रित केले ते सोवळे करून. 1938 मध्ये जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टननं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये न गाळता म्हटलेले डझन्स कित्येक दशकं बाजारात आलेच नाहीत. टोस्टची धाटणी मात्र 1973 च्या ‘हस्लर्स कन्व्हेन्शन’ या एलपीत आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रॉन्क्समध्ये पहिली पार्टी करणाऱ्या डीजे कूल हर्कनं पुढं रॅपच्या प्रेरणांमध्ये जेम्स ब्राउनबरोबर याच एलपीचं नाव घेतलं.