बिकिनीच्या अणुचाचण्यांतील नौसैनिक : भरपाई कोणाला, कागदपत्रे कोणती

अमेरिकेने जुलै १९४६ मध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी दोन अणुबॉम्ब फोडले. २५ जुलैचा ‘बेकर’ पाण्याखाली २७ मीटरवर फुटला आणि लक्ष्य म्हणून नांगरलेल्या जहाजांवर किरणोत्सारी पाणी कोसळलं. नंतर खलाशांना त्याच डेकवर ब्रश आणि साबण घेऊन घासायला पाठवलं. लांब थांबलेली जहाजंही सुटली नाहीत. त्यांच्या खाऱ्या पाण्याच्या नळांत आणि गोडं पाणी बनवणाऱ्या यंत्रांत किरणोत्सार साचला.

ते खलाशी आज शंभरीच्या आसपास असतील. म्हणून अमेरिकी सरकारकडे भरपाईचा अर्ज करायची वेळ बहुधा पत्नीवर किंवा मुलांवर येते, आणि ‘किती किरणोत्सार झाला ते कसं सिद्ध करणार?’ या धास्तीने अनेक जण मागे सरतात. अंगावर लावून किरणोत्सार मोजणारे फिल्म बॅज तर मोजक्याच लोकांना दिले होते. मात्र ठरावीक कर्करोगांसाठी किरणोत्साराची मात्रा सिद्ध करावीच लागत नाही. माणूस तिथे होता, एवढं दाखवलं की पुरे.

या चाचण्यांचा अधिकृत काळ १ जुलै ते ३१ ऑगस्ट १९४६. त्या काळात तिथे किंवा मदतीच्या जहाजांवर काम केलेले, पुढच्या सहा महिन्यांत तिथे जहाजं धुण्यासारख्या कामावर असलेले, तसेच नौदलाच्या गोद्यांत ही जहाजं स्वच्छ करणारे पात्र ठरतात. १९६२ पर्यंतच्या अमेरिकेच्या इतर वातावरणीय चाचण्यांतले सैनिकही यात येतात. या ठरावीक कर्करोगांच्या यादीत थायरॉइड, फुप्फुस, जठर, मोठं आतडं, मूत्राशय इत्यादींचे कर्करोग आहेत. ल्युकेमियाही आहे, फक्त दीर्घकालीन लिम्फोसायटिक प्रकार सोडून. प्रोस्टेट यादीत नाही. त्यासाठी मात्रेचा अंदाज मागवला जातो आणि प्रकरण लांबतं.

सैनिक हयात असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाकडे २१-५२६ ईझेड फॉर्म, पत्नीसाठी २१पी-५३४ ईझेड. सोबत बायॉप्सीचा अहवाल, सेवामुक्तीचा दाखला, विवाहाचा आणि मृत्यूचा दाखला जोडा. सेवेची कागदपत्रं नसतील तर एसएफ-१८० हा फॉर्म भरून सेंट लुईसच्या लष्करी सेवा-नोंदींच्या केंद्रातून मागवा. तिथल्या १९७३ च्या आगीत जळाली ती मुख्यतः भूदल आणि हवाई दलाची दप्तरं, नौदलाची नव्हेत. ‘सगळं जळालं’ या उत्तरावर थांबू नका. जहाजाचं डेक लॉगबुक, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतं आणि तारखांसाठी तो भक्कम पुरावा असतो. वडील घरी याबद्दल अवाक्षर बोलले नसतील, तर त्यामागे गुप्ततेची सक्ती असू शकते. ते बंधन १९९६ मध्ये उठलं.

दुसरी वाट न्याय विभागाची : एकरकमी १ लाख डॉलर. ही योजना जून २०२४ मध्ये बंद पडली होती, जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पत्नी नसेल तर मुलांनाही दावा करता येतो. एकाच आजारासाठी दोन्हीकडची पूर्ण रक्कम मात्र मिळत नाही, वळती होते. आधी हिशेब मांडून घ्या. माजी सैनिक संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी माजी सैनिक विभागाकडचा अर्ज मोफत भरून देतात. न्याय विभागाकडे दावा दाखल करण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२७.